रश्श्यातला ससा

शनिवारी सकाळी ओर्ला जिन्याखाली बसून बूट घालत होती. तेवढ्यात पाच वर्षांची अगाता झोपेतून उठून आली आणि तिने आपला कापडी ससा ओर्लाच्या पिशवीत कोंबला. ससा आत गेला, कान बाहेर राहिले.

"अगं, हा कुठे निघाला?"

"त्रिएस्तेला. तुझ्याबरोबर."

"आणि तू झोपणार कशी? बेपी कुशीत नसला तर तुला झोप येत नाही ना?"

"त्याला समुद्र बघायचाय," अगाता म्हणाली आणि परत झोपायला गेली.

अगाताची आई देबोरा तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर आली. "ओर्ला, एक सांगते. तो ससा खरं तर माझा आहे, माझ्या लहानपणचा. आजीने शिवलाय, आणि आजी आता नाही. बाकी काय, तू मजा कर."

एवढं ऐकल्यावर कोण मजा करणार? ओर्लाने कान नीट आत घातले, पिशवीची चेन लावली आणि स्टेशनावर पोचेपर्यंत ती चार वेळा उघडून बघितली.

ओर्ला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची. तिकडे भर ऑगस्टात समुद्रात उतरलं तरी माणसाचे दात वाजतात. वीस वर्षांची ही पोर इटलीतल्या उदिने गावात या कुटुंबात ओ-पेअर म्हणून राहत होती. म्हणजे घरच्यांसारखं राहायचं, मुलीला सांभाळायचं आणि बोलता बोलता तिला इंग्रजी शिकवायचं. प्रत्यक्षात घडलं ते उलटंच. दिवसभर गाठ अगाताशी, त्यामुळे अगातानेच ओर्लाला इटालियन शिकवलं. ती भाषा तिला फर्डी येऊ लागली, पण पाच वर्षांच्या मुलीची. बँकेतल्या साहेबालाही ती 'तू' म्हणायची, पोट दुखलं तर 'बाऊ झालाय' म्हणायची आणि भांडण या गोष्टीला तिच्याकडे दोनच शब्द होते, कट्टी आणि गट्टी.

त्रिएस्तेने तिला पहिल्याच तासात धडा दिला. तिने कापुचीनो मागितला, तर समोर बाहुलीच्या भातुकलीतला वाटावा एवढासा कप आला. "हा बाळ आहे. मला याची आई दे," ओर्ला म्हणाली. गल्ल्यावरची बाई हसून हसून कोलमडली. "आमच्याकडे कापुचीनो एवढाच असतो गं. मोठा हवा तर दूधकॉफी म्हणायचं. उदिनेहून आलीस वाटतं?" उदिनेचं नाव काढताना आमच्या त्रिएस्तेत नाक जरा वर जातं. त्याला इलाज नाही.

मग दिवसभर ओर्ला हिंडली आणि तिच्याबरोबर बेपी हिंडला. समुद्रात लांबवर गेलेल्या धक्क्यावर बेपी, सिंहाच्या पुतळ्याच्या आयाळीत बेपी, दूधकॉफीशेजारी बेपी. प्रत्येक ठिकाणचा फोटो उदिनेला रवाना होत होता. संध्याकाळी ती त्या धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसली. गावातली माणसं काही काम नसताना तिथपर्यंत चालत येत होती, पाण्याकडे एकदा बघत होती आणि परत फिरत होती. हे तिला इतकं आवडलं की तीही तीन वेळा गेली आणि आली. एवढ्यात अगाताचा निरोप आला. त्यात तिच्या आवाजातलं एकच वाक्य होतं, "बेपी पोहला का?"

मुक्काम नीवेसबाईंच्या घरी होता. मुलं परदेशी गेल्यापासून त्या एक खोली पाहुण्यांना देतात. सत्तरी ओलांडली आहे, खांदे मात्र पोहणाऱ्या बाईचे आहेत. रविवारी नाश्त्याला ओर्ला टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसली आणि तिथेच फसली. एका टोकाला नीवेसबाई होत्या, दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान नेरेओ. त्यांचा एक गाल पावासारखा फुगला होता.

"ओर्ला, त्या माणसाला सांग, साखर संपलीय."

"ओर्ला, त्या बाईला सांग, मला साखर चालत नाही, माझी दाढ दुखतेय."

"त्याला सांग, दाढ गुरुवारीच निघाली असती. माणूस डॉक्टरच्या खुर्चीत बसला, तोंड उघडलं आणि डॉक्टर हात धुवायला गेला तेवढ्यात पळाला! गळ्यातला तो कागदी रुमाल तसाच. सगळ्या बाजाराने बघितलं. मी मटार घेत होते, माझ्यासमोरून धावत गेला."

"तिला सांग, मी पळालो नाही. मी निघून आलो."

ओर्लाने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "तुमची कट्टी आहे?" तिने विचारलं.

"दाढ निघेपर्यंत," नीवेसबाई म्हणाल्या.

असं असूनही तिघं एकाच बसने समुद्रावर गेली. रविवारी समुद्रावर न जाणं हे त्रिएस्तेत भांडणात बसत नाही. हा आमचा जुना किनारा आहे. त्याच्या मधोमध पांढरी भिंत आहे, खड्यांतून थेट पाण्यात उतरलेली. एका बाजूला बायका आणि लेकरं, दुसऱ्या बाजूला पुरुष. बाहेरची माणसं नाकं मुरडतात. मग इथल्या बायकांना विचारा. दिवसभर पोट आत ओढून धरायचं नाही, कोणाची पाठ चोळायची नाही, चष्मा कुठे ठेवलास ते सांगायचं नाही. भिंत पाडायची गोष्ट कोणी काढलीच तर पहिल्यांदा त्याच उठतील.

नीवेसबाई आणि नेरेओ लग्न झाल्यापासून भिंतीच्या दोन अंगांना, अगदी पाठीला पाठ लावून बसत आले आहेत. जेवणाच्या वेळी बाई दोरीला डबा बांधून भिंतीवरून पलीकडे सोडायच्या. आज डबा नव्हता.

ओर्लाने आधी बेपीला पोहायला नेलं. फोटो काढला, पाठवला, मग बेपीला पिळलं. नीवेसबाईंनी त्याला आपल्या छत्रीच्या टोकावर उन्हात बसवलं. "अर्ध्या तासात पापड होईल बघ." आणि त्या डोळे मिटून पडल्या.

आमचे समुद्रपक्षी नेमके याच क्षणाची वाट बघत असतात. एक धिप्पाड पक्षी आला. त्याने ओल्या सशाला मासा समजून कानाला धरून उचललं आणि उडाला. भिंतीच्या वर पोचेपर्यंत त्याला कळलं की हा मासा नाही, कापूस आहे. त्याने चोच उघडली आणि ससा पुरुषांत पडला.

"बेपी!" ओर्लाने किंकाळी फोडली. सगळा किनारा उठून बसला.

"कोण बेपी? बुडाला का कोणी?"

"माझा ससा! तिकडे गेला!"

"नाव बेपी, म्हणजे पुरुषच की," शेजारची फुल्विया म्हणाली. फुल्विया म्हणजे त्या किनाऱ्याचं वर्तमानपत्र. "वय काय त्याचं?"

"देबोराचा आहे. तीस वर्षांचा असेल."

"तीस! अगं, बारा वर्षांवरचा पुरुष इथे चालत नाही. सकाळपासून आमच्यात बसला होता मेला, आणि आम्ही अशा अघळपघळ! गेला ते बरंच झालं."

बायका हसल्या. ओर्लाच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं आणि त्या चटकन तिच्याभोवती जमल्या. देबोराच्या आजीने शिवलेला ससा, अगाताची झोप आणि संध्याकाळची गाडी, हे सगळं तिने लहान मुलीच्या शब्दांत हुंदके देत सांगितलं, म्हणून ते जास्तच लागलं.

"रडू नकोस," नीवेसबाई म्हणाल्या. "भिंतीला तोंड लावून ओरड. पलीकडे तोच असणार. मी ओरडले असते, पण माझी कट्टी आहे."

ओर्ला भिंतीला चिकटली. "आजोबा! ससा! तुझ्याकडे ससा आलाय!"

पलीकडे नेरेओ तोंडावर टोपी घेऊन पडले होते. दाढेने रात्रभर झोप नाही, सकाळपासून पोटात काही नाही. त्या अर्धवट गुंगीत, रोज जिथून डबा उतरतो त्याच जागेवरून त्यांना 'ससा' ऐकू आलं. ते ताडकन उठले. आमच्या भागात रविवारी ससा म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. ससा म्हणजे जेवण.

"ससा?" ते ओरडले. "भाजलेला की रश्श्यातला?"

'भाजलेला' हा शब्द ओर्लाच्या ओळखीचा नव्हता. अगाता भाजलेलं खात नाही. रस्सा ओला असतो एवढं ठाऊक होतं, म्हणून तिने अंदाज केला की आजोबा विचारतायत, ससा सुकला की ओला आहे.

"ओला!" ती ओरडली. "आत्ताच पाण्यातून काढला! मऊ मऊ आहे!"

 पलीकडून नेरेओंचा भरून आलेला आवाज आला, पण तो ओर्लाशी बोलत नव्हता. "ऐकलंत का रे? रश्श्यातला. मऊ शिजवलाय. दाढ दुखतेय ना माझी, म्हणून. वरून कितीही तोडून बोलली तरी आतून अशी आहे हो ती. लिव्यो, पाव आण!"

"कधी शिजवला असेल?" हा त्यांच्या शेजारी बसलेल्या लिव्योचा आवाज.

"पहाटे उठून शिजवला असणार. मला दाखवलंसुद्धा नाही."

भिंतीच्या अलीकडे नीवेसबाई डोळे वटारून बसल्या होत्या. "काय बडबडतोय हा? कोणी शिजवला ससा?"

पलीकडे शोधाशोध सुरू झाली. पत्त्यांचे डाव मोडले, टॉवेल झटकले गेले, खडे सरकल्याचे आवाज आले. शेवटी लिव्यो म्हणाला, "हा घे तुझा ससा, नेरेओ. माझ्या चपलेत सापडला. रस्सा मात्र गळून गेलेला दिसतोय."

आणि मग भिंत हादरेल असा हशा झाला. सगळे पुरुष हसत होते. नेरेओ सोडून सगळे.

"समजलं," नेरेओ हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "समजलं मला! त्या बाईला सांग, अर्थ पोचला! गुरुवारी पळालो म्हणून मी ससा. भित्रा ससा! चार लोकांत माझ्या अंगावर ससा फेकते काय?"

"मी फेकला नाही म्हणून सांग त्याला!" नीवेसबाई कडाडल्या. "पण सुचलं असतं तर फेकलाच असता, हेही सांग!"

"आजोबा," ओर्लाने भाषांतर केलं, "आजीने नाही फेकला. पण तिला फेकायचा होता."

यानंतर जे झालं त्याला ओर्लाचा काही इलाज नव्हता. नेरेओ सशावर बसले. अगदी शब्दशः बसले, लिव्योने तसं ओरडून कळवलं. त्यांचं म्हणणं, ज्या बाईने फेकला तिने स्वतःच्या तोंडाने मागावा. नीवेसबाईंचं म्हणणं, दाढ आहे तोवर तोंड बंद. मध्ये ओर्ला.

"आजी म्हणते, आधी दात काढ, मग गट्टी."

"तिला सांग, आधी माफी. मग ससा. मग बघू."

"आजोबा म्हणतो, तू सॉरी म्हण."

"माझा पायसुद्धा सॉरी म्हणणार नाही!"

"आजी म्हणते, तिचा पाय पण कट्टी आहे."

दोन्ही बाजू आता भिंतीला कान लावून बसल्या होत्या. बायकांनी जेवणं थांबवली होती. फुल्विया मागच्या रांगेतल्यांना तोंडी अहवाल पुरवत होती. कोणीतरी दारावरच्या तिकीटवाल्या बाईला बोलावून आणलं. तिने भिंतीकडे बघितलं, ओर्लाकडे बघितलं आणि खांदे उडवले. "बाईने तिकडे जायचं नाही, पुरुषाने इकडे यायचं नाही. सशाचं काय करायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही."

ऊन कलायला लागलं. ओर्लाने घड्याळ बघितलं, भिंत बघितली, मग भिंतीचं पाण्यात संपणारं टोक बघितलं. टोकाच्या पुढे समुद्र होता. तिथे बायकांचा नाही, पुरुषांचा नाही, नुसताच समुद्र. थंड पाण्याची तिला काही नवलाई नव्हती. हे पाणी तर तिला कोमट वरणासारखं लागत होतं. ती उठली आणि सरळ पाण्यात शिरली.

"अगं, कुठे निघालीस?" फुल्विया ओरडली. "पोरगी वळसा घालतेय! पुरुषांत चाललीय!"

ही बातमी भिंतीवरून पलीकडे गेली तेव्हा पुरुषांची जी तारांबळ उडाली ती सांगण्यासारखी नाही. अर्ध्यांनी पोटं आत घेतली, अर्ध्यांनी टॉवेल गुंडाळले. एका आजोबांनी तर केस विंचरायला घेतले. नेरेओंनी पाण्यात ओर्लाचं लाल, रडवेलं तोंड बघितलं आणि त्यांना पहिल्यांदाच उमगलं की आपण बायकोच्या नाही, एका परक्या पोरीच्या सशावर बसलो आहोत.

"थांब, पोरी! तिथेच थांब!" ते ओरडले. "तू इकडे यायचं नाहीस. मी आणून देतो!"

माणूस हट्टी असेल, पण खानदानी. ते पाण्यात उतरले. मग प्रश्न आला ससा धरायचा कसा. पोहायला दोन्ही हात लागतात आणि सशाला पुन्हा भिजू द्यायचं नाही, हे नेरेओंनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी सशाचा कान दातांत धरला, मान वर केली आणि निघाले.

भिंतीच्या अलीकडे नीवेसबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. टोकापलीकडून आधी ससा दिसला, मागून नवरा.

"अरे देवा! तोंडात काय धरलंयस? त्याच बाजूने चावतोयस! दाढ आहे ना ती!" चार दिवसांत त्या नवऱ्याशी पहिल्यांदा बोलल्या, तेही किनाऱ्यावरच्या सगळ्यांदेखत. पण ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी पाण्यात सूर मारला आणि हात असे मारले की वीस वर्षांची ओर्ला मागे पडली.

दोराला बांधलेले तरंगते गोळे आहेत तिथे तिघं भेटली.

"सोड," नीवेसबाई म्हणाल्या.

"म्म्म," नेरेओ म्हणाले.

"सोड म्हणते ना!"

"म्म्म! म्म्म!" सोडायचं त्यांच्याही मनात होतं. पण कानाचं कापड दाढेत अडकलं होतं आणि जबडा कळेने आवळला होता. बाईंना वाटलं, हट्ट. त्यांनी बेपीला दोन्ही हातांनी कमरेला धरलं, पाय नवऱ्याच्या छातीला टेकवले आणि जो हिसडा दिला, त्याचा आवाज आला असं फुल्विया अजून सांगते.

ससा बाईंच्या हातात आला. नेरेओ मागच्या मागे पाण्यात गेले. वर आले तेव्हा त्यांनी आधी गालाला हात लावला, मग जीभ फिरवली.

"गेली," ते म्हणाले.

"काय गेली?"

"दाढ. आत नाही."

ओर्लाने सशाकडे बघितलं. "इथे आहे," ती म्हणाली. "बेपीच्या कानात."

भिंतीच्या दोन्ही बाजूंनी टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सगळे समुद्रपक्षी एकदम उडाले.

"दुखलं?" नीवेसबाईंनी विचारलं.

"नाही गं. कळलंच नाही."

"मग चार दिवस मला कशाला छळलंस रे, गाढवा?"

"तूच काढायची होतीस ना गुरुवारी. त्या डॉक्टरला कोण ओळखतं?"

आणि मग ती दोघं बोलायला लागली. चार दिवसांचं साठलेलं, तिथेच, दोराला धरून, मानेपर्यंत पाण्यात. साखरेचं, मटारांचं, थोरल्याच्या फोनचं. नेरेओ मधूनच खारट पाण्याने चूळ भरायचे आणि पुन्हा बोलायला लागायचे. ओर्ला बाजूला ससा उंच धरून पाय मारत राहिली. अशी गट्टी तिने आजवर बघितली नव्हती. तिला वाटलं, म्हातारं व्हावं तर असं व्हावं, आणि भांडायला समोर असं कोणीतरी असावं. पण तिला गाडीही गाठायची होती. शेवटी तिनेच दोघांना दटावलं, "आता पुरे! बाहेर चला! ओठ निळे झाले!" हे वाक्य ती अगाताला रोज म्हणायची, त्यामुळे ते अगदी बिनचूक आलं.

बेपीच्या कानाला भोक पडलं होतं. फुल्वियाकडे सुई होती, दोरा फक्त निळा होता. नीवेसबाईंनी बसस्टॉपवर उभ्या उभ्या टाके घातले. नेरेओ भिंतीबाहेर येऊन बायकोची पिशवी धरून उभे होते आणि पांढऱ्या सशाला निळा दोरा कसा वाईट दिसतो ते सांगत होते. "उदिनेच्या सशाला चालतो," असं म्हणून बाईंनी त्यांना गप्प केलं.

गाडीत ओर्लाने माफीची वाक्यं घोकली. ससा भिजला. ससा पडला. सशावर एक आजोबा बसले. पुढचं कसं सांगावं ते तिला कुठल्याच भाषेत जमेना. उदिने आलं तरी ती घोकतच होती.

दार देबोराने उघडलं. तिच्या पायांमधून अगाता बाहेर आली, तिने ओर्लाच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि ती सोडायलाच तयार होईना.

"अगाता, ऐक ना. बेपीच्या कानाला बाऊ झालाय."

अगाताने ससा घेतला, निळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं, "हं," म्हणाली आणि त्याला चपलांच्या फळीवर ठेवून दिलं. मग पुन्हा गुडघे धरले.

"रात्री झोपली का गं ही?" ओर्लाने घाबरत देबोराला विचारलं. "सशाशिवाय?"

"ही? घोरत होती. मलाच झोप लागली नाही." देबोरा हसली, मग तिने आवाज जरा खाली आणला. "तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या आधी क्लोई होती आमच्याकडे. अशीच शनिवार-रविवार फिरायला गेली, आणि सोमवारी विमानतळावरून फोन आला, परत येत नाही म्हणून. हिने महिनाभर दार सोडलं नव्हतं."

"मग अगाता," ओर्लाने वाकून विचारलं, "बेपीला खरंच समुद्र बघायचा होता?"

अगाताने मान हलवली. नाही.

"क्लोईला मी नुसता टाटा केला होता," ती म्हणाली.